बेद्रीच्या पाईपचा रंग

—हं, आता तिसऱ्यांदा विचारतो, नीट ऐक पोरी, तो फोन ठेव खाली: हा तंबाखूचा दगडी पाईप पांढरा करू? पांढरा म्हणजे अगदी पांढरा हं, कालच खाणीतून वर काढलेल्या दगडासारखा? — नुसती मान नको हलवू, तोंडाने बोल, आमच्याकडे मान धरत नाहीत. — 'करा.' झालं तर! एकदा तू आल्या आल्या विचारलं, तेव्हा तू बूट झटकत होतीस. दुसऱ्यांदा चहावाला दारात होता तेव्हा, आणि हे तिसरं. रिवाज आहे आमच्या धंद्याचा, रंग चढलेल्या पाईपला हात लावायच्या आधी मालकाला तीनदा विचारायचं. का ते मला विचारू नकोस, जुन्या लोकांचे नियम, त्यांना दुसरा उद्योग नव्हता. पण उद्या कुणी म्हणायला नको की नाझमी उस्ताने न विचारता केलं. — हा बघ, सोडला. स्पिरिट आहे ते, खाली ऊन पाणी. घाबरू नकोस, विस्तव विझवून ठेवलाय. आता बस तासभर. तिथे नको, तिथे दगडाचा भुगा आहे, तुझ्या त्या काळ्या कोटाचं पिठाचं पोतं होईल. आणि चहा घे, निवतोय.

तोंडात धरायच्या तोटीची काळजी करू नकोस, तोटी कधीच झाली. ही बघ — अंबरची आहे, जुन्या राळेच्या खड्याची, खरी, असलं अंबर आता मिळत नाही, उन्हात धर, आत मधासारखं दिसेल. पडल्यावर आतला हाडाचा आटा तुटला होता, मी बैलाच्या हाडाचा नवा कातून बसवला. असा फिरव. बघ, कुठे खरखर नाही, ढिलाई नाही. या अख्ख्या एस्कीशेहिरमध्ये असा आटा कातणारा दुसरा हात दाखव मला. नाही सापडणार. ही दुकानं दिसतात ना ह्या जुन्या सराईच्या, हानच्या चौकात ओळीने, सगळे मशीनवर मुंडकी कोरतात, सुलतान आणि गरुड, गरुड आणि सुलतान, आणि पर्यटकांच्या गळ्यात मारतात. — तुझा बाप हे जाणतो. म्हणून तर म्हणाला ना तुला, 'नाझमीकडेच ने, दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नकोस'? असंच म्हणाला ना? अगदी ह्याच शब्दांत? — परत सांग बरं एकदा. — हं. चौतीस वर्षं माझं नाव त्याच्या तोंडात आलं नाही, आणि आलं तेव्हा असं आलं.

आणि पाईप पडला तेव्हापासून जेवत नाही म्हणालीस. चार दिवस! नुसता चहा आणि पावाचा तुकडा. हातात पाईप नाही तर घास नाही — ऐंशी वर्षांचं तान्हं बाळ झालंय की बेद्रीचं. आता तुझ्याकडे राहतो तो, म्हणून तू बिचारी तिकडे मुदान्याहून बस पकडून, गाडी पकडून धावत आलीस, कारण परवा बायराम, कुर्बानीची ईद, सासरचे सगळे यायचे, म्हाताऱ्याच्या हाताचं चुंबन घ्यायचे, आणि त्या हातात हा काळाकुट्ट तेलकट गोळा बघून तुझी सासू नाक मुरडायची. खरं ना? तोटी दुरुस्त करा एवढंच तुझ्या बापाने सांगितलं होतं. साफ करून, चकाचक करून आणायचं हे तुझ्या डोक्यातून निघालं. नाही नाही, चांगलं केलंस. बापाला नवीन वाटेल. पोरी बापाचं करतात ते असंच, मनापासून. तुझ्या हाताचा साबणाचा वास इथपर्यंत येतोय, स्वच्छतेची आवड आहे तुला, ते दिसतंच.

बघ, आलं लाल पाणी. चहासारखं. थांब, हे ओततो, दुसरं घालतो — पहिल्या पाण्यात वरवरचं येतं, खरं बाहेर पडतं ते दुसऱ्या-तिसऱ्यात. — घाण? हो, घाण म्हण हवं तर. किती वर्षांची असेल सांग. — तीस? अगं, हा पाईप तुझ्या बापाच्या आजोबाने कोरलाय. सव्वाशे वर्षं तरी झाली. हा पाईपवरचा पागोटंवाला म्हातारा बघतेस ना, ही दाढी, ह्या भुवया, हे त्याने स्वतःच्या बापाकडे बघून कोरलं म्हणतात, म्हणजे हे तुझ्याच घराण्यातलं नाक आहे, तुझ्यावरही आलंय, लपवू नकोस. आजोबाने ओढला तोवर मधाचा रंग आला, फक्त मानेपाशी. तंबाखूच्या धुराने रंग खालून वर चढतो, माहीत आहे? आधी मान, मग हनुवटी, मग दाढी. पुढे त्याच्या मुलाने ओढला, दाढी भिजली, तांबूस झाली. आणि मग आला तुझा बाप. त्याने जे केलं ते, काय सांगू तुला, वेड्याने करावं तसं केलं.

मी समोरच बसायचो ना. कॉफीखान्यात, दुपारच्या नमाजानंतर, खिडकीपाशी त्याची जागा. आधी खिडकी लावून घ्यायची, वाऱ्याने एक बाजू जास्त तापते आणि रंग डागाळतो म्हणून. उन्हाळ्यातसुद्धा! आम्ही घामाने निथळतोय आणि हा म्हणतोय खिडकी उघडू नका. मग डाव्या हातात पांढरा सुती मोजा चढवायचा, दगड गरम असताना बोट लागलं तर बोटाचा ठसा कायमचा उमटतो. मग तंबाखू, चिमूट चिमूट, दाबायची नाही. तीन झुरके, थांबायचं. तीन झुरके, थांबायचं. लग्नाच्या रात्री तुझ्या आईकडेही त्याने इतकं सांभाळून बघितलं नसेल. — लाजू नकोस, म्हातारा आहे मी. — आणि दिवसाला पाईपची एकच वाटी भरायची, दोन नाही. दुसऱ्या कुणाला एक झुरका नाही. सख्खा भाऊ मागायला आला तर म्हणाला, तुला नवा कोरून देतो, ह्याला हात लावू नकोस. दाढीतून रंग गालावर यायला अकरा वर्षं लागली. आम्ही सगळे बघायचो, पोरं पतंगाकडे बघतात तसे. तू जन्मलीस ना, त्या हिवाळ्यात रंग डाव्या भुवईला पोचला होता. कॉफीखान्यात आला आणि ओरडला, 'मुलगी झाली आणि भुवई आली!' आधी कोणती बातमी सांगावी ते त्याला कळेना. दोन्ही हातांनी खिम्याचे तळलेले चिबोरेक वाटत होता सगळ्यांना. मीही खाल्ला. दोन खाल्ले.

काय झालं? चहा का ठेवलास? — नाही, आता काढता येणार नाही. काढला तर चट्ट्यापट्ट्यांचा निघेल, कोडासारखा. आता पुरतं होऊ दे. तीनदा विचारलं होतं, पोरी. तीनदा 'करा' म्हणालीस. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बस खाली. बस म्हणतो ना, तुझी गाडी अजून पाऊण तासाने आहे आणि ओला पाईप तू कुठे घेऊन जाणार?

— मी का नाही सांगितलं? तू का नाही विचारलंस? बेद्रीची मुलगी तू, ह्या गल्लीत जन्मलीस, दगडाच्या भुग्यात रांगलीस, आणि पाईपवरचा रंग म्हणजे मळ वाटला तुला! रस्त्यावरचं शेंबडं पोर सांगेल की रंग नसलेला पाईप दुकानात मिळतो, रंग चढलेला मिळत नाही. बापाने शाळेत घातली, परगावी दिली, आणि घरची गोष्ट तेवढी शिकवली नाही. तो त्याचा दोष. आणि सांगायचंच म्हणशील तर तुझ्या बापाने मला एकदा सांगितलं होतं का? बाजूला घेऊन, खांद्यावर हात ठेवून, 'नाझमी, हे बरं नाही'? एवढंच? घरी येऊन सांगता आलं असतं, एका भिंतीपलीकडे राहायचो. नाही. त्याला भर बाजार हवा होता.

तुला घरात सांगितलं नसेल. मी सांगतो. जर्मनीचा व्यापारी आला होता, दर शरदात यायचा, वर्षभराचं काम देऊन जायचा. कॉफीखान्यात टेबलावर सगळ्यांनी आपापले नमुने मांडले होते. माझे सहा होते. एकसे एक. व्यापाऱ्याने माझाच एक उचलला, फिरवून बघितला, आणि म्हणाला, ह्याच्याकडून चारशे नग. चारशे! सगळ्या गल्लीला मिळून कधी तेवढे नव्हते मिळाले. आणि तुझा बाप उठला. त्या जर्मनाच्या हातातून पाईप घेतला, अगदी हळूच, आणि माझ्याच चहाच्या पेल्यात सोडला. आणि जाऊन बसला आपल्या खिडकीपाशी. मोजा चढवला. तीन झुरके, थांबला. मी हसत होतो, म्हटलं काय पोरखेळ आहे, अस्सल दगड पाण्यात घातला तर मऊ होतो, साबणासारखा, पण वाळला की परत दगडच. सगळ्यांना माहीत होतं. आणि दुसरा चहा येईपर्यंत पेल्याच्या तळाशी साका बसला. पिठाचा. माझा पाईप पेल्यात विरघळला, पोरी, लोकांच्या देखत, बिस्किटासारखा. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

त्या दिवसानंतर खाणवाल्या गावांतून मला एक ढेकूळ कुणी विकलं नाही. चौतीस वर्षं! हातात चाकू आहे आणि कोरायला दगड नाही. दुसऱ्यांच्या तोट्या बसव, आटे कात, भेगा बुजव, ह्यातच गेलं आयुष्य. माझी मुलगी एकोणीस वर्षांची होती, साखरपुडा झाला होता, मुलाचा बाप दगडाचा व्यापारी — आठ दिवसांत अंगठी परत. मधे एक बाई पाठवली, निरोपही स्वतः द्यायला आले नाहीत. मग दिली तिला एर्झुरुमला, एका बिजवराला, दोन पोरांच्या बापाला, तिथे सहा महिने बर्फ. जाताना माझ्या हाताला ओठसुद्धा लावले नाहीत. आणि तुझा बाप? तुझा बाप रोज खिडकीपाशी. रंग कपाळावर आला. रंग पागोट्याला लागला. अक्रोडासारखा झाला. लोक लांबून बघायला यायचे.

आणि हे सगळं कशापायी? चिमूटभर भुग्यापायी! तेव्हा खाणींत पाणी भरलं होतं, दगड सोन्याच्या भावाने, तो तरी कुठे मिळत होता? आणि कोरताना अर्धा दगड भुगा होऊन जमिनीवर पडतो, तो काय दगड नाही? खळ घालून साच्यात दाबला की कोणाच्या बापाला कळतंय? ते सहा होते फक्त. — म्हणजे त्या वर्षी सहा. त्याआधी… त्याआधीचे कुणी पेल्यात घातले नव्हते ना, मग त्यांचं काय? पाच-सहा वर्षं झाली होती, एकाचीही तक्रार नाही! माझ्या बायकोला ठाऊक नव्हतं, दार लावून दाबायचो, तुझ्या बापाला कुठून कळलं हे मला आजवर उमगलेलं नाही. हाताने तोललं असेल. बघून कळतं म्हणायचा, खोटा दगड हसत नाही म्हणायचा. — तू काय बघतेस अशी? चोर मी एकटाच होतो का ह्या गल्लीत? पकडला गेलो एकटा, एवढंच.

चल, निघाला. बघ आता. बघ ना! तोंड काय फिरवतेस, तुझंच काम आहे. थांब, कपड्याने टिपतो… आता हे गवत, ओढ्याकाठचं, ह्याने घासायचं, कागदाने नाही, कागद ओरबाडतो. कपाळ. नाक. हे गाल. बघ कसा उजळतोय, नवऱ्यामुलासारखा. रंग खोल गेला होता हं, वाटलं होतं मानेपाशी राहील थोडा, पण मी पाच पाणी दिली. मानेपाशी पणजोबा होता तुझा, दाढीत आजोबा, आणि दाढीच्या वर सगळा बेद्री. गेले तिघे. त्या बादलीत आहेत, पाहिजेत तर बाटलीत भरून देतो. — रडतेस? रड. मी काही पाहिलं नाही. आता शेवटचं, मेण. एकदाच बुडवायचा, वर काढायचा आणि फडक्याने चमकवायचा. आणि एक गोष्ट तुझ्या बापालाही मान्य करावी लागेल: दाढीवर चाकू लावला नाही मी. दुसऱ्या कुणी रंग घालवायला वरची साल खरवडली असती, सगळं बोथट करून ठेवलं असतं. इथे एकेक केस जागेवर आहे, भुवईखालची ती बारीक सुरकुतीसुद्धा. सव्वाशे वर्षांपूर्वी कोरला तसा. याला म्हणतात हात. घे. पेटीत ठेव, मखमलीवर उठून दिसेल. पैसे नकोत. बायरामची भेट समज, आणि बापाच्या हातात स्वतः दे. पेटी उघडेल तेव्हा त्याचं तोंड कसं होतं ते बघ आणि मला कळव. एवढीच माझी मजुरी.

— काय? परत बोल. — दिसत नाही? कुणाला दिसत नाही? — बेद्रीला? — दोन्ही डोळे? कधीपासून? — चार वर्षं. साखरेच्या आजाराने. — मग मघापासून तोंड शिवलं होतं का तुझं? दीड तास माझा चहा पितेस… मी विचारलं नाही, हो, मी विचारलं नाही! तूच म्हणालीस ना, सासूला दिसतो, पाहुण्यांना दिसतो — हं. पाहुण्यांना. — बरं, असू दे. पहिल्या झुरक्यालाच कळेल त्याला. रंग गेला की चव जाते. जीभ आहे ना? — ओढत नाही? डॉक्टरने बंद केलं. नुसताच दाताखाली धरून बसतो. — मग वास! नव्या मेणाचा वास येईल त्याला, मेण त्याला झोपेतही कळेल. — काय म्हणेल? 'उस्ताने मेणसुद्धा दिलं' म्हणेल? खूश होईल?

दिवसभर धरून करतो काय मग तो त्याचं? — बोटं फिरवतो. दाढीवरून. केस न् केस चाचपतो. — आणि मी सगळे ठेवले. सगळे शाबूत ठेवले मी, गाढवाने. — आण इकडे. आण तो, एकच मिनिट, एक हात फिरवायचा राहिलाय, हनुवटीपाशी खरखर आहे थोडी, चाकूने नुसतं… पेटी बंद करू नकोस! फुकट केलंय मी काम, माझा हक्क आहे त्याच्यावर! — बरं, नको देऊस. नको. पण सांगशील ना त्याला? पांढरा झाला म्हणून? — नाही सांगणार? काय सांगशील? 'तसाच आहे बाबा, अक्रोडासारखा'? खोटं बोलशील? बापाशी? ज्या माणसाने एका शब्दाचं खोटं कधी चालवून घेतलं नाही, त्याच्या हातात खोटा पाईप देशील आणि बायरामचा घास भरवशील? नर्मीन, थांब. थांब ना पोरी. खरं सांगायला काय जातं तुझं? एवढं एकदा खरं सांग.

— काय म्हणालीस? तो दुवा देईल? मला? सगळ्या पाहुण्यांसमोर, हात वर करून — 'नाझमीच्या हाताला आरोग्य मिळो'? — नको. ऐक, नको म्हणावं त्याला. मला नकोय. दारातून मागे फिर, नर्मीन, नुसतं हो म्हण, मी परत विचारणार नाही — त्याला म्हणावं, नाझमीला दुवा देऊ नकोस. ऐकलंस? देऊ नकोस म्हणावं…